बंट होता की नव्हता? : हेतू, कृती आणि सॉफ्टबॉलचा पंच

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कृती म्हणजे काय, हेतू म्हणजे काय, यावर बरंच बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की सगळं ठीक आहे, पण उदाहरणं फार पुस्तकी होतात. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आम्ही एक उदाहरण थेट मैदानावरून आणलं आहे, तेही क्रिकेटच्या नाही, सॉफ्टबॉलच्या. आम्ही स्वतः हा खेळ कधी खेळलेलो नाही. आमच्या वेळी विटीदांडू आणि फार तर कबड्डी. पण गेल्या वर्षभरात या खेळाची नियमपुस्तकं आम्ही जितक्या आवडीने वाचली, तितक्या आवडीने निवृत्तीनंतर दुसरं काही वाचलं नसेल.

त्याचं कारण सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळला, आता एका शाळेत शिक्षक आहे आणि सुट्टीत सॉफ्टबॉलचा पंच म्हणून काम करतो. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, जळगाव-अमरावतीकडे तर चांगला रुजलेला आहे. हा गृहस्थ एका संध्याकाळी घरी आला, चहा घेतला, आणि म्हणाला, "सर, एका मुलीला मी आउट दिलं. तिच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार होतं?"

प्रसंग असा. मुलींचा सामना, विभागीय पातळीवरचा. जिंकणारा संघ राज्यावर जाणार. राज्यावर गेलं की क्रीडागुणांची गोष्ट येते, प्रमाणपत्राची येते, आणि पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणापर्यंत आईबापांची स्वप्नं जातात. म्हणजे मुलींना हा नुसता खेळ नव्हता. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे. तिसऱ्या बेसवर त्यांची धावपटू उभी, एक जण आउट. फलंदाज मुलीवर दोन स्ट्राइक झालेले. पिचरने चेंडू टाकायला हात फिरवला, तशी ही मुलगी वळली, एक हात बॅटवर वर सरकवला आणि बॅट आडवी धरली. सगळ्यांना वाटलं, बंट. तिसऱ्या बेसची क्षेत्ररक्षक पुढे धावली. चेंडू मात्र आत आला, छातीच्या रोखाने. मुलगी मागे झुकली, बॅट मागे गेली, आणि चेंडू मुठीजवळ बॅटला लागून फाउल रेषेच्या बाहेर गेला. पंचाने हात वर केला. दोन स्ट्राइकनंतर फाउल बंट, म्हणजे तिसरा स्ट्राइक, म्हणजे आउट.

तिचे प्रशिक्षक मैदानात आले. त्यांचं म्हणणं, बंट नव्हताच. खूण होती ती बंटच्या हुलकावणीची. बॅट दाखवायची, तिसऱ्या बेसवालीला पुढे ओढायचं आणि बॅट काढून घ्यायची. दोन स्ट्राइक असताना खरा बंट कोण कशाला करेल? पंचाने निर्णय बदलला नाही. पुढची मुलगी उंच झेल देऊन आउट झाली आणि सामना संपला.

आता ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं थांबू या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

फलंदाज चेंडूशी दोन प्रकारे वागू शकतो. एक, बॅट फिरवून जोरात मारायचं, याला स्विंग म्हणतात. दुसरा बंट. नियमपुस्तकाची व्याख्या आम्ही आमच्या शब्दांत सांगतो : जो चेंडू बॅट फिरवून मारलेला नाही, पण ज्याला हेतुपूर्वक बॅट भिडवून इनफिल्डमध्येच हलकेच टाकला आहे, तो बंट. बेसबॉलची व्याख्याही जवळजवळ हीच, आणि सॉफ्टबॉलने ती तिथूनच घेतली. विटीदांडू खेळलेल्यांना सांगायचं तर एक टोला आणि एक नुसता टेकू. चेंडू चार पावलांवर मरून पडावा, क्षेत्ररक्षक तो उचलेपर्यंत आपला धावपटू पुढच्या बेसवर पोचावा, एवढाच उद्देश. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर साठ फूट, बेसबॉलमध्ये नव्वद. महिलांच्या सामन्यात पिचर अवघ्या त्रेचाळीस फुटांवरून चेंडू टाकते. सगळं जवळजवळ आलेलं असल्याने चांगला बंट या खेळात धावेइतका मोलाचा ठरतो.

मग दोघांत नियमाने फरक कुठे पडतो? मुख्य फरक फाउलचा. बॅट फिरवून मारलेला चेंडू फाउल गेला तर पहिले दोन स्ट्राइक मोजले जातात, पण दोन झाल्यावर तसे कितीही फाउल मारा, तिसरा स्ट्राइक होत नाही. दहा मारा, पंधरा मारा. बंटला ही सवलत नाही. दोन स्ट्राइक असताना बंट फाउल गेला की खेळ थांबला आणि फलंदाज आउट. तोच चेंडू, तीच बॅट, चेंडू पडला तीच जागा, पण एकाचा डाव चालू राहतो आणि दुसऱ्याचा संपतो.

हा भेदभाव का? पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हालाही तो विचित्र वाटला. उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात बेसबॉलमध्ये फाउलला स्ट्राइक मानतच नसत. तेव्हा काही हुशार फलंदाजांच्या लक्षात आलं की बॅट नुसती आडवी धरून चेंडू बाजूला ढकलत राहिलं तर आउट होण्याची भीती नाही, पिचर थकतो, वैतागतो आणि शेवटी चुकतो. जोरात बॅट फिरवून हे तासभर करता येत नाही, त्यात चुकण्याचा धोका आहे. नुसता टेकू लावणं त्या मानाने सोपं. म्हणून १८९४ मध्ये फाउल बंटला स्ट्राइक ठरवलं. साध्या फाउलला पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत मोजण्याचा नियम पुढे आला, १९०१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये आणि १९०३ मध्ये अमेरिकन लीगमध्ये. सॉफ्टबॉल त्या आधीच, १८८७ मध्ये शिकागोत एका नौका-क्लबच्या सभागृहात जन्माला आला होता, मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. पण त्याने बेसबॉलकडे कायम थोरल्या भावासारखं पाहिलं, आणि हा नियमही उचलला. संथ पिचच्या सॉफ्टबॉलमध्ये तर बंट करायलाच बंदी आहे, केला की आउट. तिथे चेंडू कमान करून निवांत येतो, बंट म्हणजे फुकटची कमाई झाली असती.

तेव्हा नियमामागे कारण आहे, आणि कारण चांगलं आहे. अडचण निराळी आहे. व्याख्येत एक शब्द बसला आहे : 'हेतुपूर्वक'. या एका शब्दामुळे पंचाला मैदानावर उभं राहून असं काम करावं लागतं, जे करताना तत्त्वज्ञान्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या.

या शब्दाचं वजन किती आहे पाहा. फलंदाज चेंडूपासून वाचायला मागे होतो आणि चेंडू चुकून बॅटला लागतो. बॅट फिरवलेली नाही, म्हणजे स्विंग नाही. पण हेतुपूर्वक भिडवलेलीही नाही, म्हणजे बंटही नाही. मग तो काय? तो साधा फाउल. दोन स्ट्राइक असतील तरी फलंदाज आउट नाही. म्हणजे त्या मुलीचे प्रशिक्षक नियमाच्या दृष्टीने अगदी बरोबर मुद्दा मांडत होते. ती बॅट मागे ओढत असताना चेंडू लागला असेल, तर तो बंट नव्हता आणि ती आउट नव्हती. सगळं त्या एका क्षणाच्या हेतूवर टांगलेलं.

इथे गिल्बर्ट राइल आठवतो. मागे आपण त्याचं डोळ्याचं उदाहरण घेतलं होतं : एकाची पापणी आपोआप फडफडते, दुसरा मुद्दाम डोळा मारतो. छायाचित्र काढलं तर दोन्ही सारखेच. राइल पुढे तिसरा मुलगा आणतो, जो डोळा मारणाऱ्याची नक्कल करतो, आणि चौथा, जो घरी आरशासमोर त्या नकलेची तालीम करतो. हालचाल प्रत्येक वेळी तीच, कृती मात्र प्रत्येक वेळी वेगळी. आमच्या सॉफ्टबॉलच्या मुलीची जागा कुठली? खरा बंट करणारी, की बंटची नक्कल करणारी? आणि गंमत पाहा, हुलकावणी चांगली साधली असेल तर ती खऱ्यासारखीच दिसली पाहिजे. तिसऱ्या बेसवालीला फरक कळला तर हुलकावणी फसली. म्हणजे मुलगी जितकी कुशल, तितका पंच फसण्याचा संभव जास्त. प्रशिक्षकांनी महिनोन्‌महिने तिला हेच शिकवलं असणार, की कुणाला कळता कामा नये. आणि त्या दिवशी त्यांची अपेक्षा होती की एकट्या पंचाला ते कळावं.

हसू नका. यात त्या प्रशिक्षकांची चूक काहीच नाही. खेळात हुलकावणी कायदेशीर आहे.

आता न्यायदर्शनाकडे येऊ. नैयायिकांनी कृतीची एक साखळी सांगितली आहे : आधी ज्ञान, ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न, आणि प्रयत्नातून चेष्टा, म्हणजे शरीराची हालचाल. मराठीत आपण चेष्टा म्हणजे थट्टा करून टाकली, तो भाग सोडा. मुद्दा असा की साखळीतल्या पहिल्या तीन कड्या आत आहेत, त्या करणाऱ्यालाच ठाऊक. बाहेर दिसते ती फक्त चेष्टा. दुसऱ्याच्या इच्छेचं ज्ञान आपल्याला चेष्टेवरून अनुमानानेच होतं, जसं धुरावरून अग्नीचं. आणि पंच दुसरं काय करतो? बॅटची चेष्टा पाहतो आणि आतल्या इच्छेचं अनुमान काढतो.

पण अनुमान चालायचं तर हेतू निर्दोष हवा. इथे 'हेतू' हा न्यायशास्त्रातला शब्द, म्हणजे अनुमानाचं कारण, इंटेन्शन नव्हे. मराठीत एकच शब्द दोन कामं करतो त्याला आम्ही काय करणार. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे चालतं, कारण अग्नीशिवाय धूर कुठे सापडत नाही. पण 'बॅट आडवी धरली आहे म्हणून बंटचा इरादा आहे' हे चालत नाही. कारण आडवी बॅट खऱ्या बंटमध्येही असते आणि हुलकावणीतही असते. जो हेतू साध्य असलेल्या ठिकाणीही सापडतो आणि नसलेल्या ठिकाणीही, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. आमच्या पंच-विद्यार्थ्याला आम्ही हेच विचारलं, "तू कशावरून ठरवलंस?" तो म्हणाला, "सर, ती बंटसाठी वळली होती, बॅट आडवी होती, चेंडू लागला." आम्ही म्हटलं, "अरे, हे तिन्ही हेतू सव्यभिचार आहेत. तू बी. ए.ला माझ्याकडेच शिकलास ना?" बिचारा ओशाळला. आम्हाला नंतर वाईट वाटलं, कारण घरात बसून असं म्हणणं सोपं असतं.

मग निर्दोष खूण कोणती? म्हणजे अशी, जी बंटमध्ये असेल आणि हुलकावणीत नसेल? नियमपुस्तकं लिहिणारे तत्त्वज्ञ नसले तरी त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारलेला दिसतो, आणि वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

अमेरिकेतल्या मोठ्या सॉफ्टबॉल संघटनेने पंचांसाठी जे मार्गदर्शन दिलं आहे त्यात अर्धवट स्विंग ओळखायला चार प्रश्न सुचवले आहेत. फलंदाजाची मनगटं वळली का? चेंडूतून बॅट पार नेऊन मग मागे आणली का? बॅट शरीराच्या पुढे आली होती का? आणि चौथा : चेंडू मारायचा प्रयत्न केला का? आम्ही ही यादी वाचली आणि मोठ्याने हसलो. पहिले तीन प्रश्न शरीराचे आहेत, डोळ्यांनी उत्तर मिळतं. चौथा प्रश्न म्हणजे तर मूळ प्रश्नच! अमुक झालं का हे ठरवायला खुणा मागितल्या, तर तीन खुणा दिल्या आणि चौथी खूण म्हणून 'अमुक झालं का ते पाहा' असं सांगितलं. तर्कशास्त्राच्या पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर आम्ही गुण कापले असते. पण विचार केल्यावर लक्षात आलं की लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक होतं तो काय करतोय. मनगट, बॅट, शरीर या खुणा उपयोगी आहेत, पण त्या मिळून प्रयत्न होत नाही. तिन्ही पाहा, आणि मग शेवटी प्रयत्न होता का, हे तुम्हालाच म्हणायचं आहे. त्या जबाबदारीतून खुणा तुम्हाला सोडवणार नाहीत.

बंटबद्दल त्याच मार्गदर्शनाचा रोख असा, की बॅट नुसती प्लेटवर धरून ठेवली आणि चेंडूकडे नेली नाही, तर तो प्रयत्न नव्हे. चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर असेल तर तो बॉलच. म्हणजे खूण ठरली ती बॅटची चेंडूकडे जाणारी हालचाल. ही खूण बरी आहे, पण तिच्यात एक भोक आहे. चांगला बंट करणारा खेळाडू बॅट चेंडूकडे ढकलत नाहीच. तो बॅट स्थिर ठेवतो, किंबहुना चेंडू लागताना किंचित मागे देतो, झेल घेताना आपण हात मागे घेतो तसं, म्हणजे चेंडू मऊ पडतो. तेव्हा सर्वांत सफाईदार बंटमध्ये ही खूण सर्वांत पुसट.

म्हणूनच काही नियमपुस्तकांनी उलटा मार्ग धरला. त्यांचं म्हणणं : बंटच्या पवित्र्यात बॅट स्ट्राइक झोनमध्ये धरून ठेवली, तर तोच प्रयत्न मानला जाईल. प्रयत्न नाही असं दाखवायचं असेल तर फलंदाजाने बॅट मागे काढून घ्यावी. हे फार चतुर आहे. यात मनाचा शोध घेतलेलाच नाही, पुराव्याचं ओझं फिरवलं आहे. कायद्यात गृहीतक असतं ना, की अमुक परिस्थिती दिसली तर अमुक हेतू समजला जाईल, उलट सिद्ध करायचं तर तुम्ही करा, तसं. पंचाचं काम सोपं होतं. पण म्हणून न्याय होतोच असं नाही, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत तर या नियमानेही सुटका नाही, कारण प्रश्न ती बॅट काढून घेत होती का, हाच आहे.

मधेच स्लॅपबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारणारच. डावखुरी फलंदाज पिच येताच पहिल्या बेसच्या दिशेने पाय टाकत बॅटचा छोटासा फटका देते, त्याला स्लॅप म्हणतात. तो दिसायला बंटचा चुलतभाऊ, पण नियमाने स्विंगच्या घरातला, कारण तिथे बॅट फटक्यासारखी चालवलेली असते. म्हणून दोन स्ट्राइकवर स्लॅप फाउल गेला तर आउट नाही. फक्त चेंडूला बॅट लागते त्या वेळी पाय फलंदाजाच्या चौकटीबाहेर जमिनीवर पडलेला असेल तर आउट, आणि हा चौकटीचा नियम बंटलाही तसाच लागू. पंचांसाठी मात्र बंट आणि स्लॅप यांच्यामधली हद्द ही अजून एक डोकेदुखी. इनफिल्ड फ्लायच्या नियमातही बंटचा प्रयत्न वगळलेला आहे, तिथेही हाच पेच.

क्रिकेटवाल्यांनी फार खूश होऊ नये. पायाला लागून गेलेल्या चेंडूवर लेगबाय मिळायला फलंदाजाने बॅटने खेळण्याचा किंवा अंग वाचवण्याचा प्रयत्न केलेला असावा लागतो. ऑफस्टंपच्या बाहेर चेंडू पायाला लागला तर, खेळण्याचा खराखुरा प्रयत्न होता का यावर पायचीत अवलंबून असतं. १९५७ मध्ये एजबॅस्टनला मे आणि काउड्री यांनी वेस्ट इंडीजच्या रामाधीनसमोर ४११ धावांची भागीदारी केली, त्यात काउड्रीने पॅडचा किती वापर केला यावर पुढे रकाने भरले. बॅट पॅडच्या मागे लपवून पाय पुढे टाकायचा, हे खेळणं की न खेळणं? पुढे क्रिकेटच्या नियमांतही खऱ्याखुऱ्या प्रयत्नाची अट आलीच. तिथेही हेतू डोळ्यांनीच पाहावा लागतो.

आता एलिझाबेथ अ‍ॅन्स्कॉम्ब. १९५७ सालच्याच तिच्या छोट्या पुस्तकात तिने हेतुपूर्वक कृतीची ओळख अशी दिली, की जिच्याबद्दल 'का?' हा प्रश्न एका विशिष्ट अर्थाने विचारता येतो ती. आणि करणाऱ्याला उत्तर द्यायला स्वतःचं निरीक्षण करावं लागत नाही. मी काय करतोय हे मला माझे हात पाहून ठरवावं लागत नाही. मग पंचाने त्या मुलीलाच का विचारू नये? "बाळ, तू बंट करत होतीस का?" जगातल्या एकमेव माणसाला हे ठाऊक आहे आणि ती चार फुटांवर उभी आहे!

आम्ही हा प्रश्न विद्यार्थ्याला केला तेव्हा तो म्हणाला, "सर, ती नाहीच म्हणणार." बरोबर. पण आमच्या मते हे कारण अर्धंच आहे. कोर्टात आरोपीही नाहीच म्हणतो, तरी आपण विचारतो, उलटतपासणी घेतो. खरं कारण खेळाच्या स्वरूपात आहे. जॉन रॉल्सने १९५५ मध्ये नियमांच्या दोन कल्पनांवर एक निबंध लिहिला, आणि त्यात उदाहरण घेतलं बेसबॉलचंच. त्याचा मुद्दा असा, की काही नियम आधीच चाललेल्या वागण्याला वळण लावतात, पण काही नियम त्या वागण्याला जन्मच देतात. बेसबॉल नसेल तर माणूस लाकूड हवेत फिरवू शकतो, धावू शकतो, पण स्ट्राइकआउट होऊ शकत नाही. तसंच बंटचं. नियमाबाहेर बंट नावाची वस्तू नाही. आणि खेळ हा सगळ्यांसमोर चालणारा व्यवहार आहे. मैदानावर जे दिसतं, त्यावर तो उभा आहे. फलंदाजाच्या खासगी साक्षीला त्यात जागा दिली, तर प्रत्येक फाउल बंटनंतर एक साक्ष होईल, आणि १८९४ चा नियम ज्यासाठी आला तेच पुन्हा सुरू होईल.

म्हणून नियमात 'हेतुपूर्वक' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ 'कृतीत दिसलेल्या हेतूने' असाच घ्यावा लागतो. विट्गेन्श्टाइन वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. हेतू डोक्याच्या पेटीत दडलेला असतो आणि शरीर फक्त त्याची बातमी देतं, ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. हेतू बहुतेक वेळा वागण्यातच असतो, आजूबाजूच्या परिस्थितीसकट. दोन स्ट्राइक, तिसऱ्या बेसवर धावपटू, संघाची सवय, हात बॅटवर कसा सरकला, चेंडू कुठे आला, बॅट कुठल्या दिशेने निघाली होती. हे सगळं मिळून हेतू 'दिसतो'. एवढ्या बाबतीत नैयायिकांपेक्षा आम्हाला विट्गेन्श्टाइन जवळचा वाटतो, आमचे नैयायिक मित्र रागावले तरी.

अलीकडे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या कनिष्ठ स्पर्धांत अर्धवट स्विंग यंत्राने, बॅटच्या कोनावरून ठरवण्याचे प्रयोग झाले आहेत. कॅमेरे कोन मोजतात. वाद मिटतो हे खरं. पण लक्षात घ्या, यंत्र हेतू शोधत नाही. हेतूच्या जागी कोन बसवला जातो, म्हणजे स्विंग या शब्दाचाच अर्थ बदलतो. तसं करायला हरकत नाही, खेळ त्यांचा आहे. बंटला मात्र ते कठीण जाईल, कारण बंटमध्ये बॅट आधीच पुढे असते.

आता विभागीय सामन्याकडे परत. प्रशिक्षकांनी दाद का मागितली नाही, असं आम्ही विचारलं. इथे नियमाची एक बारीक गोष्ट आहे, आणि पालकांनी ती माहीत करून घ्यावी. सॉफ्टबॉलमध्ये पंचाच्या आकलनाविरुद्ध औपचारिक तक्रार चालत नाही. बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल, सेफ की आउट, प्रयत्न होता की नव्हता, हे पंचाचं आकलन. पण पंचाने नियमच चुकीचा लावला असेल तर तक्रार चालते, आणि ती पुढचा चेंडू टाकण्याआधी नोंदवावी लागते. आता पाहा. पंच म्हणाला असता, "माझ्या मते ती बंट करत होती", तर विषय संपला, ते आकलन झालं. पण तो म्हणाला असता, "ती काय करत होती याच्याशी मला कर्तव्य नाही, बॅट आडवी होती आणि चेंडू लागला, म्हणजे बंटच", तर ते नियमाचं चुकीचं वाचन झालं असतं. व्याख्येतला 'हेतुपूर्वक' शब्दच त्याने पुसला असता. तिथे तक्रार उभी राहिली असती. निर्णय तोच, आउट. फक्त कारण कोणतं दिलं यावर सगळं.

"मग तू काय म्हणालास?" आम्ही विचारलं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी फक्त 'फाउल बंट, आउट' म्हणालो. कारण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

आम्ही अजून एक विचारलं. चेंडू लागला त्या क्षणी बॅट पुढे जात होती की मागे? त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते आमच्या सगळ्या व्याख्यानापेक्षा उपयोगाचं आहे. तो म्हणाला, "सर, प्लेटमागच्या पंचाला चेंडूवर नजर ठेवायला शिकवतात. मी चेंडू पाहत होतो. बॅट मला नीट दिसलीच नाही. बेसवरच्या पंचाला दिसली असेल, तो बाजूने पाहत होता." आणि त्याला विचारायची मुभा होती. अर्धवट स्विंगसाठी प्लेटचा पंच सहकाऱ्याला विचारतोच. त्या गडबडीत, प्रशिक्षक अंगावर येत असताना, याला विचारायचं सुचलं नाही. विचारलं तर आपण डळमळीत दिसू, असंही थोडं वाटलं म्हणे.

परवा जिल्ह्याच्या सामन्यांना तो पुन्हा उभा होता. आम्हीही गेलो, उन्हात टोपी घालून. सामन्याआधी त्याने सहकारी पंचाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की दोन स्ट्राइक असताना कुणी बंटसाठी वळलं तर तू फक्त बॅट बघ, मी चेंडू बघतो. त्या दिवशी तसा प्रसंग एकदाही आला नाही.

आता वेळ संपत आली आहे, पण मागून एक हात वर दिसतोय. विचारा. ... हं. प्रश्न असा आहे की मग शेवटी ती मुलगी आउट होती की नव्हती? याचे दोन भाग करा. आउट होती. पंचाने दिलं, तक्रार झाली नाही, पुढचा चेंडू पडला, नोंदवहीत लिहिलं गेलं. आउट होणं हे निर्णयानेच घडतं, त्याच्यामागे वेगळं काही शोधायचं नसतं. पण तो बंट होता का, हा प्रश्न निर्णयाने मिटत नाही. त्यात पंच चुकलेला असू शकतो, आणि इथे तो चुकला असावा असं आमचं मत आहे, कारण छातीवर येणाऱ्या चेंडूला, दोन स्ट्राइक असताना, मागे झुकत कुणी बॅट मुद्दाम भिडवत नाही. विद्यार्थ्यालाही आम्ही हे सांगितलं. त्याने त्या मुलीच्या शाळेत फोन केला होता, पण ती बारावीच्या क्लासला गेली होती. पुन्हा करतो म्हणालाय.